दिवेलागणीनंतरचा शब्द

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मागच्या वर्षी हिल्डा नावाच्या एका बाईंचा आला, तो वर्षभर उतरला नव्हता. त्या नॉर्वेत राहतात आणि मी न्हावऱ्यात, म्हणून त्या वाचल्या.

झालं असं, की रश्मी आणि मी मिळून एक भाषा बनवत होतो. बनवत होतो म्हणजे अक्षरशः, शून्यापासून. नाही, शून्यापासून म्हटलं तर रश्मी मला मारेल. हजारो वर्षांपूर्वी, काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला गवताळ रानात काही माणसं एक भाषा बोलत होती, असं अभ्यासक मानतात. तिचा लिहिलेला एक शब्दही कुठे नाही. पण तिच्या पोटी झालेल्या भाषा शेजारी शेजारी ठेवून, मागं मागं जात, तिचे शब्द शोधून काढलेत. संस्कृत, लॅटिन, फारसी, इंग्रजी, सगळी तिचीच पिलावळ. आपली मराठीही त्यातलीच.

हे मला कळलं दौंडच्या अभ्यासिकेत. आम्ही दोघी स्पर्धा परीक्षेला बसलो होतो. रश्मी खुटबावची, शेजारच्या टेबलावर, तोवर नुसती तोंडओळख. एका दुपारी तिनं पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "हे बघ. पितर, पातेर, फादर. एकाच घरातले हायेत." त्या दिवशी आमचा राज्यघटनेचा अभ्यास बुडाला, तो बुडालाच. पुढं ती पास होऊन दौंडला रेल्वेच्या कचेरीत लागली. मी नापास होऊन न्हावऱ्याच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासायला लागले. पण मैत्री पास झाली.

भाषेची कल्पना तिचीच. एकदा ती म्हणाली, "समज, त्यातली एक टोळी चुकून आपल्याकडं आली. संस्कृतवाल्यांच्या लई आधी. घोड आन् भीमेच्या मधी राहिली, तिथंच शेती केली. त्यांची भाषा आज कशी असती?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे आमच्याच रानात की.

"आन् त्या भाषेत," ती पुढं म्हणाली, "कुणी कुणाला म्हणालेलं नसंल, की हे शब्द तुझ्यासाठी न्हाईत."

तिचे आजोबा ज्ञानदेव वर्गाच्या बाहेर बसून अक्षरं शिकले होते. ती हे हसत म्हणाली, पण मला समजायचं ते समजलं. भाषेचं नाव आम्ही उदेरी ठेवलं. उदेर म्हणजे पाणी, उदेरी म्हणजे पाणथळची बोली.

दर रविवारी आम्ही चौफुल्याला भेटायचो. मी न्हावऱ्याहून स्कूटीवर, पारगावचा भीमेचा पूल ओलांडून. ती दौंडहून एसटीनं. तिथल्या एका मिसळीच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल आमचं. नियम एकच, आणि तो कडक: हवेतून शब्द आणायचा नाही. जुनं मूळ घ्यायचं आणि ठरलेले बदल एकामागून एक लावत खाली यायचं. सुरुवातीच्या प चा ह झाला, कारण दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांची संगत लागली. म्हणून बाप झाला हातेर. आपण फक्त कळ फिरवायची आणि खाली काय पडतंय ते बघायचं. कधी असा शब्द पडायचा, की आम्ही दोघी टेबलावर हात आपटायचो आणि हॉटेलवाले मामा पाणी घेऊन धावत यायचे.

एका संध्याकाळी रश्मीचा फोन आला. धापा टाकत होती. "सापडला. वळख कशाचा."

आठवडाभर आम्ही एकाच शब्दामागं होतो, म्हणून मी ओट्यावरून मोठ्यानं म्हणाले, "बिबट्याचा?"

आईनं आतून येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. "दिवेलागण झाली. नाव घिऊ नगं त्याचं. पाहुणा म्हण."

आमच्या उसात तो आहे, सगळ्यांच्याच उसात आहे, आणि सूर्य मावळल्यावर त्याला पाहुणा म्हणायचं असं आमच्या घरी आहे. नाव घेतलं की तो ऐकतो आणि येतो. मी बीएस्सी झाले आहे. माझा त्यावर अजिबात विश्वास नाही. पण अंधार पडल्यावर मी नाव घेत नाही. हेसुद्धा मी भर दुपारी लिहितेय म्हणून लिहिलं.

रश्मीला सापडलेलं मूळ ठिपक्यांचं होतं. कळ फिरवली आणि खाली पडला हेर्क. काय शब्द होता. म्हटला की घशात गुरगुरायचा. रविवारी मी तिला स्कूटीवर मागं बसवून पारगावच्या पुलावर नेलं आणि आम्ही भीमेकडं तोंड करून भर उन्हात हेर्क, हेर्क ओरडत बसलो. एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारून गेला, कुणी पडलंय का म्हणून.

अशी आमची भाषा. ती घेऊन आम्ही मागच्या वर्षी ऑनलाइन संमेलनाला गेलो. जगभरातली आमच्यासारखी डोकं फिरलेली माणसं तिथं आपापल्या भाषा दाखवतात. शब्दकोश आधी पाठवायचा, मग परीक्षक बोलतात. हिल्डाबाई शांतपणे म्हणाल्या, "घर फार स्वच्छ आहे. एकही चूक सापडली नाही. पण आत कुणी राहत नाही."

मी रागानं लाल झाले. रश्मी पांढरी पडली. मला भाषेला नावं ठेवली म्हणून राग होता, तिचं दुखणं निराळं होतं. कुणालाही मज्जाव नसलेलं घर तिनं बांधलं होतं आणि बाई म्हणत होत्या, त्यात कुणी नाहीच.

यंदा संमेलनात आयत्या वेळी विषय देऊन बोलायला लावणार होते. रश्मी म्हणाली, "स्नेहल, यंदा बी तेच ऐकाय लागलं तर मी थांबणार. मेलेल्या गोष्टीला रविवार किती द्यायचे?" ती बोलते ते करते. उदेरी गेली असती तर एक वेळ मी सोसलं असतं, पण रविवार गेले असते तर माझ्याकडं फॅट मोजण्याशिवाय काय उरणार होतं?

संमेलनाच्या दिवशी आमची पाळी आली तेव्हा नॉर्वेत दुपार होती आणि न्हावऱ्यात दिवस मावळत होता. घरात रेंज तुटत राहते, म्हणून मी ओट्यावर लॅपटॉप मांडून बसले. समोर ऊस. पडद्यावर एका चौकटीत रश्मी दौंडच्या क्वार्टरमध्ये, दुसऱ्या चौकटीत हिल्डाबाई आमचा शब्दकोश उघडून. खाली आणखी कितीतरी तोंडं. मला पळत सुटावंसं वाटत होतं इतकी मजा येत होती.

हिल्डाबाईंनी चिठ्ठी उघडली. "या क्षणी तुमच्या दाराबाहेर काय आहे, ते एकमेकींना सांगा."

मी समोर पाहिलं. दाराबाहेर काय होतं ते मला चांगलंच माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी विहिरीच्या मोटरपाशी पंजे उमटले होते आणि काल सकाळी आमचा काळू नव्हता. नुसती साखळी होती. रश्मीला मी हे सांगितलं नव्हतं. ती आमच्याकडं आली की काळू तिच्या पायावर डोकं ठेवून झोपायचा, आणि संमेलनाआधी तिला रडवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मी उदेरीत सुरुवात केली. ऊस आहे म्हणाले. वारा आहे म्हणाले. मग म्हणाले, शेतात राहायला आलाय एक... आणि थांबले. हेर्क जिभेवर होता. आमच्या कष्टाचा, गुरगुरणारा हेर्क. पाठीमागं आईनं काडी ओढल्याचा आवाज झाला, तुळशीपाशी दिवा लागला, आणि तो शब्द काही केल्या तोंडाबाहेर पडेना.

"गास्सी आग्रे वेसे," मी म्हणाले.

शेतात पाहुणा राहिलाय. गास्सी म्हणजे पाहुणा, आमच्याच शब्दकोशातला, जुन्या मुळाचा. हिल्डाबाईंची मान खाली गेली, बोट यादीवरून फिरायला लागलं. मला कळलं, मी घाण केली. एवढ्या मोठ्या शेतात पाहुणा कशाला राहील? शब्द विसरली पोरगी, असंच त्या लिहिणार.

रश्मी पडद्याजवळ सरकली. मग तिचा चेहरा बदलला. खुटबावच्या उसाला का पाहुणे येत नाहीत?

"गास्सी एदे?" तिनं हळूच विचारलं. पाहुणा जेवला का?

"एदे," मी म्हणाले. "कुवान एदे."

कुवान म्हणजे कुत्रा. रश्मीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला पडद्यावरून दिसलं, आणि मग आम्ही दोघी परीक्षकबिरीक्षक पार विसरलो. तिनं विचारलं, कधी? मी म्हणाले, काल. तिनं विचारलं, आई आत आहे ना, गाय आत आहे ना? मी म्हणाले, गाय आत आहे, आई दिव्यापाशी आहे. ती म्हणाली, तू बाहेर का बसलीस मग? मी म्हणाले, तुझ्यासाठी. एकही शब्द शोधावा लागला नाही. चुका किती झाल्या देवाला ठाऊक. ती म्हणाली, दार लाव, आत्ताच्या आत्ता आत जा, आणि हे ती अशा सुरात म्हणाली, की मी खरंच लॅपटॉप उचलून उंबऱ्याच्या आत गेले.

घंटा वाजली. वेळ संपली होती.

"एक विचारू?" हिल्डाबाई म्हणाल्या. "शब्दकोशात गास्सी म्हणजे पाहुणा आहे. जेवणारा पाहुणा मी समजू शकते. कुत्रा जेवणारा नाही. मला वाटतं तुम्ही बिबट्याबद्दल बोलत होतात. त्याला तर तुमच्याकडे शब्द आहे. विसरलात?"

मी तोंड उघडायच्या आत रश्मी बोलली, आणि राग मला येतो तिला नाही, हा माझा समज त्या दिवशी मोडला. "विसरलो नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे संध्याकाळ झालीय. संध्याकाळी आम्ही त्याचं नाव घेत नाही."

"तुमच्या भाषेत असा नियम आहे?"

"आत्तापर्यंत नव्हता," रश्मी म्हणाली.

आणि मग मला लख्ख उमगलं. आम्ही शंभर वेळा वाचलं होतं, शंभर जणांना फुशारकीनं सांगितलं होतं, की उत्तरेकडचे ते जुने शिकारी अस्वलाला इतके भ्यायचे, की नाव घेईनासे झाले. त्याला नुसतं तपकिरी म्हणत राहिले आणि शेवटी त्यांच्या भाषांतून मूळ नाव पुसूनच गेलं. हे आम्ही अभ्यासलं. तोंडपाठ केलं. आणि माझ्या ओट्यासमोर तेच रोज चाललेलं असताना, आम्ही उदेरीच्या लोकांना शेतं दिली, नद्या दिल्या, मिसळीसुद्धा दिली, आणि भीती द्यायची विसरलो.

हिल्डाबाईंनी शब्दकोश मिटला. "माझ्या आजोळी अस्वलाला अजूनही आजोबा म्हणतात," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीचं माझं वाक्य मी परत घेते. घरात कुणीतरी राहतंय. दार लावून घ्या म्हणावं."

माझा राग तिथल्या तिथं उतरला. इतकं बरं वाटलं, की बाईंना न्हावऱ्याला जेवायलाच बोलवावंसं वाटलं.

संमेलन बंद झाल्या झाल्या रश्मीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आधी ती काळूसाठी रडली, मग मी रडले, मग तिनं न सांगितल्याबद्दल मला भरपूर शिव्या दिल्या. थांबणार की नाही, हे मात्र ती बोलेना आणि विचारायचं माझं धाडस होईना. फोनमध्ये दौंडहून सुटणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

तेवढ्यात आई गोठ्याची कडी लावून आत आली. "स्नेहल, ती मागची खिडकी वढ. गास्सी यील."

मी खिडकी ओढता ओढता थांबले. "काय म्हणालीस?"

"तुम्हीच म्हणत हुता की मगाशी, दोघी. त्योच ना त्यो?"

"त्योच. पण तू तर पाहुणा म्हणतीस ना?"

"आगं, इतकी वर्सं म्हणतोय, पाहुणा आता त्याला कळाय लागलंय," आई म्हणाली. "म्हणून तर काळूला घिऊन गेला. तुमचा शबुद बरा हाय. ह्यो त्याला ठावं न्हाई." आणि ती भाकरी थापायला गेली.

मी फोनकडं तोंड केलं.

"रश्मी? ऐकलंस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "रविवारी मी न्हावऱ्यालाच येते. चौफुल्याला नको."

"का गं?"

"आईंच्यापशी बसू. आज ना उद्या गास्सी बी त्याला कळंल. पुढचा शब्द आत्तापासनं बघाय लागंल."