साखळीतली जागा

वर्गाचा व्हिडिओ घ्यायला आलेल्या साहेबांनी मोबाइल आडवा धरून मान हलवली आणि मीना मॅडमनी शिट्टी फुंकली.

पोरं धावली. फरशीवर पालथ्या टाकलेल्या शब्दांच्या पाट्यांवर तुटून पडली, मागच्या खुणेवरून आपापली पाटी ओळखून सुतळीने गळ्यात अडकवली आणि फळ्यासमोर हात धरून रांगेत उभी राहिली. खेळाचं नाव वाक्याची साखळी. शब्द नीट लागले तरच सगळ्यांचे हात जुळतात, असा नियम.

तुकाच्या गळ्यात ‘आजारी’. त्याचा हात धरून ठकी, ‘माणसाला’. ठकीच्या पुढे एका पोराची जागा रिकामी. त्या जागेपलीकडे ढवळू, ‘दवाखान्यात’, आणि शेवटी गौरा, ‘न्यावे’. ठकीचा एक हात त्या रिकाम्या जागेत तसाच पसरलेला, मूठ वळलेली.

फरशीवर एक पाटी पालथीच राहिली होती.

“ही कोणाची?” साहेबांनी बुटाच्या टोकाने पाटी सरकवली.

“चंदाची.” मॅडमनी वाकून ती उचलली. ‘लगेच’.

“मग कुठाय ती? घरचे वीटभट्टीवर गेले काय एवढ्यात?”

“नाही सर. वारली. भादव्यात.”

“अरेरे.” साहेबांनी मोबाइल खाली घेतला, घड्याळ पाहिलं, पुन्हा वर धरला. “मग दुसरं कोणीतरी उभं करायचं ना मॅडम. मी काय रोज येणार आहे का इथं?”

दाराबाहेर तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजत होती. गोजाबाईने पातेल्यात डाव फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. चंदा तिची मुलगी.

वाक्यांचा संच शहरात छापून आला होता. गुळगुळीत पुठ्ठा, कोपऱ्यात हसणारं गुबगुबीत मूल. ‘आजारी माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे.’ ज्याने हे लिहिलं त्याने हा पाडा पाहिला नव्हता, आणि पाहायची त्याला गरजही नव्हती. चंदाला वर्गातच ताप चढला होता. तिच्या बापाने, नवसूने, तिला डोलीत घातलं आणि चार जणांनी डोली खांद्यावर घेतली. डांबरी रस्ता ओढ्यापलीकडे, आणि सकाळी पोरं ओलांडून आलेल्या ओढ्याला दुपारी पूर. डोली खांद्यावर घेऊनच माणसं पाणी उतरायची वाट बघत अलीकडे उभी राहिली. पाणी उतरलं तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मॅडमनी फोनवर साहेबांना विचारून पाहिलं होतं, दुसरं वाक्य घेऊ का. नको म्हणाले. “संदेश आहे त्याच्यात. व्याकरणही झालं, आरोग्यही झालं. वरच्यांना असलंच आवडतं.” आणि मग आवाज उतरवून, “तुमच्या बदलीचं मी बोलून ठेवलंय. पण दाखवायला काहीतरी पाहिजे ना हातात.”

मीना मॅडमची लहानगी पोर जव्हारला सासूकडे होती. गेल्या रविवारी तिने सासूला आई म्हणून हाक मारली आणि मॅडमकडे पाहून सासूच्या पदराआड गेली.

“गौरा, तू ही घाल,” मॅडम म्हणाल्या. “तुझी पाटी आपण वामनला देऊ. ये, इथं मध्ये उभी राहा.”

गौराने ‘लगेच’ गळ्यात घातली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

“तिकडे नाही गं. मध्ये.”

“तठं चंदी ऱ्हाते,” गौरा म्हणाली.

पोरांना अजून नीट वाचता येत नव्हतं, हे मॅडमना माहीत होतं. ठकीला ‘माणसाला’ हा शब्द नुसता पाठ होता, पाटीवर ओळखू येत नव्हता. तुकाच्या पुढं मी, माझ्या पुढं चंदी, एवढं ठाऊक होतं. जूनपासून साखळी अशीच लागत होती. बघणाऱ्याला छान दिसायची, म्हणून मॅडमनीही ती तशीच लागू दिली होती.

“राहू द्या हो ती पाटी,” साहेब वैतागले. “वाक्य चालतंय की तिच्याशिवाय. सरकवा त्यांना.”

“सरका रे,” गौराच्या गळ्यातली ‘लगेच’ काढून घेत मॅडम म्हणाल्या.

कोणी हललं नाही. ढवळू खाली बघत पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग खरवडत राहिला.

“मॅडम, मला खोडाळ्यात अजून एक शाळा घ्यायचीय.”

मॅडम पुढे झाल्या. ठकीच्या खांद्याला धरून तिला ढवळूजवळ नेलं. तिची मूठ उघडेना. मॅडमनी एकेक बोट सोडवलं. आत काही नव्हतं. मग तो हात त्यांनी ढवळूच्या हातात दिला आणि दोन्ही हात वरून दाबून धरले, डिंकाने चिकटवल्यासारखे. दाराबाहेर डाव पातेल्यावर आपटला.

“हं, आता बोला एकेक जण.”

“आजारी,” तुका म्हणाला.

“माणसाला,” ठकी म्हणाली.

ढवळू गप्प. बाहेर चुलीत काटकी तडकली तेवढी ऐकू आली.

“दवाखान्यात.”

“न्यावे.”

“उत्तम!” साहेब म्हणाले. “तो मधला गॅप मी कापतो. कळणारसुद्धा नाही कोणाला.”

ते दारात बूट नीट करत होते तेव्हा गोजाबाईने विचारलं, “सायेब, गाडी कठं ठेवली?”

“ओढ्यापलीकडे. इकडे कुठं येते?”

“हां,” ती म्हणाली. “गाडी तठंच थांबते.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम पाट्या गोळा करत होत्या.

“खिचडी खाशाल?”

“नको. खोडाळ्यात सांगितलंय जेवण.”

शाळा सुटली. मॅडम कुलूप लावून रेंजसाठी टेकाडावर चढल्या, रोजच्यासारख्या. मोबाइल उंच धरल्यावर मेसेज आला. व्हिडिओ वर पाठवला होता. पोरांचे हात जुळलेले, वाक्य एका दमात. खाली साहेबांनी लिहिलं होतं, अभिनंदन, जव्हारचं काम झालं समजा.

त्यांनी तो दोनदा वाचला. घरी कळवावं म्हणून नंबर लावला, आणि खाली लक्ष गेलं.

कापणीला आलेल्या भाताच्या बांधावरून पोरं घरी चालली होती. बांध अरुंद, एकामागे एकच चालता येतं. पुढे गौरा, मग ढवळू. मग एका पोराएवढा मोकळा बांध. मग ठकी, मग तुका. इथं शिट्टी नव्हती, पाट्या नव्हत्या, कोणी कोणाला कुठे चाल म्हणून सांगितलेलं नव्हतं.

ओढ्याला आता घोट्याएवढंच पाणी होतं. गौरा दगडांवरून टणाटण उड्या मारत पलीकडे गेली. ढवळू पहिल्या दगडावर थांबला. न बघताच त्याने मागे हात केला.

ठकी अजून लांब होती. तीही थांबली. पुढे आली नाही.

ढवळूने थोडा वेळ वाट पाहिली. मग बोटं मिटली आणि हात तसाच मागे धरून, पाय जपून टाकत, पुढच्या दगडावर गेला.

मॅडमच्या कानाशी फोन लागला होता. “हॅलो,” सासू म्हणत होती. “हॅलो, बोल ना गं. लागलाय फोन.”