तारेपलीकडची हेस्टर

रानद्राक्षांच्या उकळत्या रसात सोडायच्या कणकेच्या वड्या इर्माआत्या उभ्यानेच कापायची, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही. बसून कापल्या की जाड होतात, असं ती सांगायची. खरं कारण एवढंच, की एकदा बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो, आणि तो मागणं किनकेडांच्या स्वभावात नव्हतं.

"आलीस? हात धू," ती भाचीला म्हणाली. "शनिवारी सगळे यायचेत. आणि झाला का तुझा तो वंशवृक्ष? वर्षभर त्या वाचनालयाच्या यंत्रात डोळे घालून बसतेयस. तुझा वेस्ली जिवंत असता तर त्याला वाटलं असतं, तिथं कुणी भेटतंय तुला."

"भेटलंय," व्हर्ना म्हणाली.

किनकेड हे अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी जमातीतले. कियामिची नदीकाठच्या टेकाडावर त्यांचं कबरस्तान होतं. दर वसंतात घराणं तिथं जमायचं, गवत काढायचं, आणि मग सर्वांत थोरलं माणूस एकेका कबरीशी थांबून गेलेल्याचं नाव घ्यायचं. हा मान बरीच वर्षं इर्माआत्याचा होता. कुणाला कुठं पुरायचं तेही तीच ठरवायची. यंदा पाय साथ देईनात, म्हणून नावं घेण्याचं काम तिनं व्हर्नावर टाकलं होतं. मूळपुरुषापासूनची सगळी नावं सरकारी कागदांतून नीट शोधून आण, असं बजावून.

"सॉलोमन सापडला," व्हर्ना हात पुसत म्हणाली. "यादवी युद्धाच्या आधीची गुलामांची गणना आहे. मालक सॉलोमन किनकेड, चोक्टॉ. त्याच्या खाली अकरा माणसं. एकाचंही नाव नाही गं. वय, बाई की बाप्या, आणि रंग. आपल्या गाईंना तरी आपण नावं ठेवतो."

सुरी चालत राहिली. "तेव्हा सगळेच ठेवायचे गुलाम."

"सगळे नाही. ज्यांना परवडायचे ते."

"आपली माणसं मिसिसिपीहून इथवर चालत आली, व्हर्ना. बर्फातून. गोऱ्यांनी हाकलली म्हणून. कितीतरी वाटेतच गेली. ते सांग शनिवारी."

"सांगणारच आहे. पण आपण चालत होतो तेव्हा आपली बोचकी घेऊन आणखी कुणी चालत होतं ना? ती माणसंही हाकललेलीच. त्यांना आपण हाकलत होतो."

व्हर्नानं मनातला धीर गोळा केला आणि उरलेलं सांगून टाकलं.

त्या अकरांत सिल्वी नावाची एक तरणी बाई होती आणि तिची तान्ही, मिश्र रंगाची मुलगी. नावं पुढं कळली. गुलामी संपली, पोर वाढली, हेस्टर झाली. मग जमीन वाटण्याआधी सरकारी आयोगानं तंबू ठोकून याद्या केल्या. एका रांगेत रक्ताचे चोक्टॉ, दुसरीत त्यांचे पूर्वीचे गुलाम. कारकून चेहरा बघून रांग सांगायचा. चेहऱ्यात काळेपण दिसलं की दुसरी रांग, मग बाप कुणी का असेना. पहिल्या रांगेला शेतंच्या शेतं मिळाली, दुसरीला तुकडा. रांगा कधीच मोडल्या, पण त्यांचा हुकूम अजून चालतो: चोक्टॉ असल्याचं कार्ड आजही पहिल्या रांगेच्याच नातवंडांना मिळतं.

"हेस्टरच्या कागदाच्या मागं बापाचं नाव आहे, आत्या. सॉलोमन किनकेड. आईच्या मालकाचं नावही तेच. तिचा सावत्र भाऊ जोनस, म्हणजे तुझे आजोबा, तेव्हा शेजारच्या रांगेत उभा होता. तुझे आणि डेल्फीनबाईंचे पणजोबा एकच आहेत."

"रस उतू जातोय," आत्या म्हणाली.

जात नव्हता.

डेल्फीनबाई म्हणजे हेस्टरची नात, रस्त्यापलीकडच्या घरातली. तिनं आणि इर्मानं लहानपणी एकाच ओढ्याकाठी रानकांदे खणले होते. इर्मा तापानं फणफणली तेव्हा उशाशी डेल्फीनच बसली. किनकेडांची निम्मी पोरं तिच्या मांडीवर झोपली. पण कबरस्तानाला काटेरी तार होती, आणि हेस्टर त्या तारेच्या बाहेर, नदीतून आणलेल्या एका बिननावाच्या दगडाखाली होती. सिल्वीही तिथंच. शनिवारच्या पंगतीचं ताट डेल्फीनबाईकडे दरवर्षी जायचं, तारेवरून.

आता ती अंथरुणाला खिळली होती. व्हर्ना भेटायला गेली आणि दारातूनच म्हणाली, "कशी आहेस, आत्या?"

म्हातारीनं एक डोळा उघडला. "हे कधीपासून?"

"गेल्या मंगळवारपासून. वाचनालयात कळलं."

"बरं झालं बाई सांगितलंस. मला वाटत होतं हे किनकेडांचं नाक मी दुकानातून आणलंय." ती हसली, खोकली, पुन्हा हसली. मग व्हर्नाचं मनगट धरून म्हणाली, "माझं एक काम कर. मला तारेच्या आत नेऊ नका. हेस्टरआजीला बाहेर ठेवून मी आत कुठल्या तोंडानं येऊ? मला तिच्याजवळच ठेवा. फक्त मला मातीत ठेवायच्या आधी ती तार काढा. मेल्यावर तरी इर्माच्या आणि माझ्या मधे काटे नकोत."

"काढेन," व्हर्ना म्हणाली. म्हणाली खरी.

बुधवारी सकाळी डेल्फीन गेली. दफन शनिवारीच, सफाईच्या दिवशी, असं तिच्या मुलीनं, रोझेटानं, ठरवलं. व्हर्ना तशीच इर्माआत्याकडे आली. आत्या खुर्चीत बसली होती. बातमी तिला आधीच कळली होती. डोळे सुजले होते, आवाज मात्र कोरडा.

"तारेचं बोलायला आली असशील तर बोलू नकोस."

"तिची शेवटची इच्छा आहे."

"तू कागद शोधलेस," आत्या म्हणाली, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी दहा वर्षांची होते. त्याआधी तिथं तार नव्हती, सगळे एकत्र निजले होते. बाबा खांब ठोकत होते आणि तारेचं भेंडोळं मी धरलं होतं. मी विचारलं, हेस्टरआजीला बाहेर का टाकलं? बाबा म्हणाले, आजी आपलीच आहे. पण ती आत दिसली तर उद्या कुणी आपला चेहरा न्याहाळेल, म्हणेल, तुम्हीही दुसऱ्या रांगेतले. मग जमीन जाईल, नाव जाईल."

वर्षभर व्हर्ना जे शोधत होती ते या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होतं, तिला वड्या खायला घालत.

"आता कोण येतंय चेहरे न्याहाळायला, आत्या?"

"कुणी नाही." आत्यानं मांडीवरच्या रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "पण तार काढली तर माझे बाबा वाईट माणूस ठरतील. त्यांना आता उत्तर देता येत नाही. मी जिवंत आहे तोवर नाही."

"डेल्फीनआत्यालाही उत्तर देता येत नाही आता."

"ती मला ओळखायची," आत्या म्हणाली. "तिनं अपेक्षाच केली नसेल."

शनिवारी तार जागेवरच होती. आत किनकेड, हातात विळे आणि टोप्या. बाहेर रोझेटाची माणसं, काळ्या कपड्यांत. शवपेटी खाली उतरली तेव्हा बाहेरच्यांनी चोक्टॉ भाषेतलं प्रार्थनागीत धरलं. आतल्यांनाही तेच येत होतं. दुसऱ्या कडव्याला आतूनही आवाज मिसळले, कुणी ठरवलं नव्हतं. वारा नसल्यामुळे कुठला आवाज कुठल्या बाजूचा ते कळत नव्हतं. आत्या खुर्चीत बसून गात होती आणि रडत होती. तरीही तिनं काही सांगितलं नाही, आणि तिनं सांगितल्याशिवाय कुणी हललं नाही.

मग नावं घ्यायची वेळ झाली. व्हर्ना सॉलोमनच्या दगडाशी गेली. त्याच्या आईबापांची नावं घेतली, ते कसे चालत आले ते सांगितलं. मग सॉलोमन. मग कागदाची घडी घालून ती फाटकाकडे निघाली.

"अगं, जोनस राहिला," कुणी चुलतभाऊ म्हणाला.

"त्याची बहीण थोरली. आधी तिचं."

ती फाटकातून बाहेर पडली, सगळ्या टेकाडाला वळसा घालून ओल्या मातीपाशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "सिल्वी. सिल्वीची आणि सॉलोमनची हेस्टर. हेस्टरची कॅली. कॅलीची डेल्फीन." रोझेटानं तिच्याकडे पाहिलं. आभार मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि रोझेटानं ते मानलेही नाहीत. फक्त उभं राहायला थोडी जागा करून दिली.

आत्या खुर्चीचा आधार घेत उठली, तारेपर्यंत आली.

"झालं तुझं? आता आत ये."

"नाही, आत्या. माझीही जागा मी इकडेच मागितलीय रोझेटाकडे. माझ्या मुलांना सांगून ठेवलंय."

"आणि वेस्ली? तो आत आहे. तुझी जागा त्याच्या आणि माझ्या मधे राखलीय मी."

"त्याची रोज आठवण येते मला. पण या तारेच्या आत मला यायचं नाही."

मागं पोरं खायला मागत होती, पातेल्यांची झाकणं वाजत होती. इर्माआत्याची नजर व्हर्नावरून त्या नव्या मातीवर गेली आणि तिथंच थांबली.

"मग माझ्याजवळ कोण राहील?" तिनं विचारलं, लहान मुलीसारखं.

"ते तुझ्या हातात आहे," व्हर्ना म्हणाली, आणि खाली वाकून दोन्ही हातांनी कबरीवर माती लोटू लागली.