माझं भांडं कुठंय?

उन्मेष वेबसाइट बनवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे काळाचौकीच्या त्या बावीस मजली इमारतीत कुणालाही धड ठाऊक नव्हतं. त्याची आई पद्मजाबाई तर विचारणाऱ्याला 'कंप्युटरवर रंगकाम करतो' असं सांगून मोकळी व्हायची. उन्मेषचं मात्र आपल्या धंद्याबद्दल पक्कं मत होतं. माणसाला कुठेही अडायला लागू नये, थांबायला लागू नये, बटण दाबलं की काम फत्ते. हे मत तो परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत ऐकवायचा आणि तेही माना डोलवायचे. घरात स्वतःचे मोजे शोधायला त्याला आई लागायची, हे त्या गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं.

इमारत जुन्या चाळीच्या जागी उभी राहिली होती. चाळीतली बिऱ्हाडं वर चढली, तशी त्यांची भांडीही चढली. चाळीत भांडं जाऊन जाऊन जाणार कुठे? फार तर गॅलरीच्या टोकाला. आता आंबोळ्यांचे डबे, उसळीच्या वाट्या, साटोऱ्यांच्या ताटल्या लिफ्टने फिरायला लागल्या. प्रत्येक भांड्यावर दुकानातून नाव कोरून आणलेलं, त्यामुळे मालकीचा वाद नव्हता. पण ते सध्या कुठल्या मजल्यावर मुक्कामाला आहे, हे देवालाच ठाऊक.

सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव याला कंटाळले होते. त्यांच्या बायकोचा इडलीपात्राचा एक मजला महिनोन्‌महिने बेपत्ता होता आणि घरी इडल्या निम्म्याच होत होत्या. एके दिवशी त्यांनी उन्मेषला लिफ्टपाशी गाठलं.

"अरे, तू एवढा हुशार मुलगा. जगाच्या वेबसाइटी करतोस. आपल्या सोसायटीच्या वेबसाइटवर भांड्यांचं काहीतरी बघ की!"

उन्मेष खूश झाला. चाळीतल्या माणसांनी त्याच्याकडे आजवर फोनचा आवाज वाढवून दे यापलीकडे काही मागितलं नव्हतं. त्याने दोन दिवस खपून एक सुरेख पान बनवलं. नाव ठेवलं 'माझं भांडं कुठंय?' भांडं दिलं की नोंद करायची. परत आलं की हिरवी खूण. आठवडा उलटला की घेणाऱ्याचं नाव लाल. त्यावर वसंतरावांनी स्वतःच्या डोक्याने एक भर घातली. तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी नोटिशींसाठी टीव्ही लावला होता, त्यावर ही लाल नावं दिवसभर फिरवायची.

सगळं झकास होतं. फक्त एक गोष्ट उन्मेष साफ विसरला, आणि ती त्याला बोबडं बोलत होता तेव्हापासून ठाऊक होती. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिच्या डब्यातून आंबोळ्या आल्या, तर त्यात आपल्याकडचं काहीतरी घालूनच तो जायचा. आणि तेही उरलंसुरलं नाही, मनासारखं काही होईल तेव्हा. तोवर डबा आपल्या फळीवर आरामात बसतो. त्याला कुणी उशीर म्हणत नाही. उन्मेषच्या पानाने नेमकं तेच म्हटलं.

पद्मजाबाईंच्या फळीवर तेव्हा जाईबाईंचा डबा होता. जाईबाई नवव्या मजल्यावर राहायच्या, पद्मजाबाई चौदाव्या. चाळीत दोघींची दारं समोरासमोर होती. एक सरकारी कचेरीतली कारकून, दुसरी गिरणी कामगाराची बायको. एक मोजूनमापून बोलणारी, दुसरी मालवणीत शिव्या घालणारी. पण एकीला ताप आला की दुसरी डोक्यावर पट्ट्या ठेवायला हजर, असं चाळीस वर्षं चाललं होतं. जाईबाईंनी काळ्या वाटाण्याचं सांबारं धाडलं होतं आणि पद्मजाबाई चांगला नारळ मिळायची वाट बघत होत्या. जाईला नारळाच्या वड्या आवडतात, आणि परवाचा नारळ खवट निघाला होता.

जाईबाईंना वेबसाइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण त्यांची सून प्रिती भारी उत्साही. तिने घरातली झाडून सगळी भांडी नोंदवून टाकली.

त्या सोमवारी पद्मजाबाई दूध घेऊन लिफ्टपाशी आल्या आणि टीव्हीवर त्यांना स्वतःचं नाव दिसलं. लाल. खाली लिहिलेलं: 'जाई यांचा डबा परत करणे बाकी.' शेजारी कुरिअरवाला, दोन ड्रायव्हर आणि सहाव्या मजल्यावरची शांता उभी. आख्ख्या नोकरीत ज्या बाईला एकही लेटमार्क लागला नाही, तिचं नाव लाल अक्षरांत! त्या घरी आल्या, दूध ओट्यावर ठेवलं, डबा घासला, पुसला, आणि लिफ्टने नवव्या मजल्यावर जाऊन जाईबाईंच्या हातात दिला.

"घे तुझा डबा."

जाईबाईंनी सवयीने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. पद्मजाबाई तोवर वळल्या होत्या.

रिकामा डबा म्हणजे संबंध संपले. तसं बोलून दाखवण्यापेक्षाही वाईट, कारण बोललेलं निदान परत घेता येतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे उन्मेषला त्या रात्रीच्या जेवणात कळलं. आईने वाढलं, पण 'अजून घे' म्हणाली नाही.

लागण पसरायला वेळ लागला नाही. लाल व्हायला कुणाला हवंय? घरोघरची भांडी घासूनपुसून, रिकामी, आपापल्या मालकिणींकडे निघाली. वसंतरावांचं इडलीपात्र पूर्ण झालं. पंधरवड्यात पडद्यावर एकही लाल नाव उरलं नाही. वसंतरावांनी उन्मेषला कडकडून मिठी मारली आणि सत्कार करायचं जाहीर केलं.

"शंभर टक्के रे! असं यश महापालिकेलाही नाही!"

यश खरंच मोठं होतं. कुणाचं काही कुणाकडे राहिलं नव्हतं आणि कुणाकडून काही येतही नव्हतं. उन्मेषच्या ताटात रोज तोंडली. दुपारी चारला जाईबाई चहाला यायच्या, आता त्या वेळी पद्मजाबाई टीव्ही मोठ्याने लावून बसायच्या आणि बघायच्या मात्र खिडकीबाहेर. त्या वाळल्यासारख्या दिसायला लागल्या. उन्मेषला मनातून लाज वाटली. त्याने ते पान बंद करून टाकलं, वसंतरावांनी ठरवलेला सत्कारही नाकारला. उपयोग शून्य.

"आई, चूक माझी आहे गं. जाईमावशीला तर माहीतही नव्हतं."

"मग तिने वर येऊन विचारायचं होतं, 'पद्मे, डबा रिकामा का?' म्हणून."

तो नवव्या मजल्यावर गेला. जाईबाई दारातच म्हणाल्या, "तुझ्या आवशीन रिकामो डबो माझ्या हातात दिल्यान. आता तिनाच वरसून खाली येवचा. मी जावचंय नाय."

ही बाई वर येणार नाही, ती खाली जाणार नाही. मधे पाच मजले. चाळीस वर्षांची मैत्री आपल्या एका पानाने बुडवली, या विचाराने उन्मेषला कामही सुचेना. शेवटी त्याने ठरवलं, आईच्या नावाने आपणच काहीतरी करून न्यायचं.

आई माटुंग्याला फुलं आणायला गेल्याचं बघून त्याने शिरा करायला घेतला. व्हिडिओ दीडपट वेगाने लावला. त्यातली बाई सांगत होती, रवा मंद आचेवर, न कंटाळता, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. एवढा वेळ नुसतं ढवळत बसायचं? ही पायरी उडवण्यासारखी आहे, असं त्याच्यातल्या डिझायनरने ताबडतोब ओळखलं. त्याने रवा थेट पाण्यात ओतला. गोळे झाले. ते फोडायला डाव घातला तर डाव उभाच राहिला. साखर नंतर आठवली, तीही वरून भुरभुरवली. खालून करपल्याचा वास आला म्हणून त्यावर वेलदोड्याची पूड घातली, अंमळ सढळ हाताने. मग ते प्रकरण आईचं नाव कोरलेल्या पातेलीत भरून तो नवव्या मजल्यावर पोचला.

"आईने पाठवलाय."

जाईबाईंनी पातेलीवरचं नाव वाचलं. ती आत नेली आणि दार लावून घेतलं. उन्मेष पडलेल्या चेहऱ्याने वर आला. पाठोपाठ आईही आली, फुलांची पुडी सोडायला बसली.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. उन्मेषने दार उघडलं तर जाईबाई, अनवाणी, घामाघूम, हातात पातेली. त्याला बाजूला ढकलून त्या आत शिरल्या आणि त्यांनी पद्मजाबाईंचे खांदे धरले.

"हस बघू! हस!"

"जाई? अगं काय..."

"तोंड वाकडा झाला काय बघतंय. हात वर कर. दोनय!"

फोनवर आलेली पक्षाघाताच्या झटक्याची सगळी लक्षणं जाईबाईंना पाठ होती. भांबावलेल्या पद्मजाबाईंनी खरंच दोन्ही हात वर केले. एका हातात शेवंती होती.

"धड आसस मां गे तू? काय होता नाय ना?"

"मला काय होतंय?"

"मगे ह्यो काय?" जाईबाईंनी पातेली पुढे केली. "एक घास खाल्लंय नि तशीच उठलंय. पद्माक रवो भाजूक आठवणा नाय, साखर कळणा नाय, म्हणजे तिका कायतरी झालाहा! तुझ्या हातचो शिरो माका काय ठावक नाय?"

पद्मजाबाईंनी बोटावर चिमूटभर घेतला. चाखला. मग दोघी सावकाश उन्मेषकडे वळल्या.

पुढच्या पाच मिनिटांत उन्मेषचा उद्धार दोन बोलींमध्ये झाला. त्याचं शिक्षण, त्याचा कंप्युटर, त्याची अक्कल, त्याला कुणी मुलगी देईल का, सगळं निघालं. एकीचा दम संपला की दुसरी उचलून धरायची. इतक्या दिवसांत घरात एवढा आवाज झाला नव्हता. उन्मेष मान खाली घालून उभा होता आणि त्याला आतून इतका आनंद होत होता, की चेहरा रडवेला ठेवायला कष्ट पडत होते.

आरडाओरडा सरला तशा जाईबाई मट्‌कन खाली बसल्या आणि गुडघे धरून कण्हल्या. पद्मजाबाईंच्या आत्ता लक्षात आलं.

"लिफ्ट बंद आहे?"

"चालू आसा. येवक वेळ लावत होती. मी जिन्यान इलंय."

"पाच जिने? या गुडघ्यांनी?"

पद्मजाबाई उठल्या, तेलाची वाटी गरम करून आणली आणि जाईबाईंच्या पायाशी बसून गुडघे चोळायला लागल्या. चोळता चोळता त्यांचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्या फटकन म्हणाल्या,

"मी मेले असते तर आली असतीस का गं अशी धावत?"

"मेली असतीस तर घाई कसली गे?" जाईबाई म्हणाल्या. "मगे लिफ्टीची वाट बघली असती."