या जेवायला

ड्रायव्हरने चिमट्याने कोंबडीची तंगडी उलटली, चरबीचा थेंब कोळशावर पडून चर्रर्र झालं, आणि त्याने शेजारच्या घरगाडीकडे तोंड करून म्हटलं,

"या जेवायला."

म्हणायची रीत म्हणून म्हटलं. असलं आमंत्रण कुणी खरं धरत नाही. समोरच्याने 'चालू द्या' म्हणायचं आणि पुढे व्हायचं. इथे तर समोर कुणी नव्हतंच. चार दिवसांत त्या गाडीचा पडदा हलला नव्हता. चाकांभोवती गुडघाभर गवत माजलं होतं.

"रिकाम्या गाडीला कसली आमंत्रणं देताय?" बायको म्हणाली. "हात चालवा. जेवलं की निघायचंय."

"निघू की."

हे 'निघू की' ती सकाळपासून ऐकत होती. सव्वीस वर्षं दोघं एकाच बसवर होते. तो स्टेअरिंगवर, ती तिकिटांवर. निवृत्त झाल्यावर आत दोन बिछाने आणि ओटा असलेली ही जुनी घरगाडी घेतली, पण घरातसुद्धा एकमेकांना ते ड्रायव्हर आणि कंडक्टरच म्हणत. सव्वीस वर्षांत ज्या माणसाने बस मिनिटभर उशिरा सोडली नाही, तोच आता नदीकाठी वीतभर शेगडीपुढे बूड टेकवून बसला होता, आणि हलायचं नाव काढत नव्हता.

मुलीचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात मूल गेलं, तेव्हा हे दोघं ड्युटीवर होते आणि पोरीने दवाखान्यात सगळं एकटीने सोसलं. ते कंडक्टरच्या मनातून कधी गेलं नाही. या वेळी सोमवारी दुपारी दारात उभी असेन, असा तिने शब्द दिला होता. रस्ता रात्रभराचा आणि वर अर्ध्या दिवसाचा. आज रविवार, आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

शेजारच्या गाडीचं दार उघडलं.

कंडक्टरच्याच वयाची एक बाई उतरली. केस नीट विंचरलेले, एका हातात ताटली, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. तिने खुर्ची शेगडीजवळ मांडली आणि बसली.

"बोलावलंत, बरं केलंत," ती म्हणाली.

ड्रायव्हर खूश झाला. त्याने तिला भाजलेलं कणीस वाढलं, तंगडी वाढली. बाई सावकाश घास घेत होती. कंडक्टर बराच वेळ बघत राहिली. बाईचं तोंड चालत होतं, पण ताटलीतलं काही कमी होत नव्हतं.

"तुम्ही कधीपासून आहात इथे?" कंडक्टरने बाईला विचारलं.

"चार दिवसांसाठी आलो होतो."

"घरी कोण असतं?"

"मुलगी. तिच्या बाळंतपणाला जायचंय, म्हणून तर ह्यांच्या मागे लागले होते."

"मग? काय झालं, मुलगा की मुलगी?"

बाईने थोडा विचार केला.

"झालं असेल," ती म्हणाली.

कंडक्टरच्या हातातला घास हातातच राहिला. तिला भीती वाटली, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

"आणि तुमचे मिस्टर?"

"आत आहेत. 'निघू की' म्हणतात. नाही असं कधी म्हणाले नाहीत."

कंडक्टर उठली.

"ड्रायव्हर, उठा."

"अगं, बस जरा. कोळसे बघ कसे फुललेत."

कोळसे खरंच फुलले होते. तासाभरात त्यांची राख व्हायला हवी होती आणि त्याने वर एकही टाकला नव्हता. तिने बादलीभर पाणी शेगडीवर उपडं केलं. वाफेचा लोट उठला. ड्रायव्हर त्या वाफेकडे तसाच बघत राहिला.

"पोर एकटी आहे तिकडे," ती म्हणाली.

"निघू की."

तिने त्याचा दंड धरून ओढला. माणूस जागचा हलेना. ती ओरडली, मग विनवण्या केल्या. पालथ्या घड्यावर पाणी. बाई मात्र ओळखीचं काही पाहावं तसं बघत होती. तिने आपली खुर्ची थोडी सरकवून ड्रायव्हरच्या बाजूला घेतली.

कंडक्टर गाडीच्या मागे गेली. तिथे तिला रडू फुटलं. पदराने तोंड पुसलं आणि तिने तळहात पत्र्यावर दोनदा आपटला.

ठण् ठण्.

डबल बेल.

ही बेल झाली की ड्रायव्हर कधी थांबला नव्हता. अर्धा चहा तसाच टाकायचा, भांडण अर्धवट सोडायचा. आताही त्याच्या हातातला चिमटा गळून पडला. तो उठला, स्टेअरिंगवर बसला आणि त्याने इंजिन सुरू केलं. कंडक्टर धावत येऊन शेजारी चढली. शेगडी, खुर्च्या, ताटल्या, सगळं तिथेच राहिलं.

गाडी कच्च्या रस्त्याला लागली.

"किती वाजले?" त्याने विचारलं. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

"उशीर झालाय. चला तुम्ही."

तेवढ्यात मागून आवाज आला.

ठण् ठण्.

तिने आरशात पाहिलं. बाई आपल्या गाडीच्या मागे उभी राहून तळहाताने पत्रा वाजवत होती. वाजवून ती दाराशी गेली, कान लावून थांबली. परत मागे आली. परत वाजवला.

ड्रायव्हरने वेग वाढवला.