दोलन राहिलंय

पुष्पावतीबाईंनी आयुष्यात एकच खोटेपणा केला, तोही एका धड्यापुरता आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. चौतीस वर्षं जव्हारमध्ये गणित आणि फिजिक्स शिकवताना त्यांनी कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नव्हता. वर्गात साहेब तपासणीला आले तरी हातातलं उदाहरण अर्धवट टाकून त्या नमस्काराला वळत नसत. अशा बाईने पाच रविवार एक धडा दाबून ठेवला, हे सांगून कुणाला पटलं नसतं. आणि सांगायला होतं तरी कोण?

धडा दोलनाचा होता. पुस्तकात त्याला ऑसिलेशन्स म्हणतात आणि तिथेच पोशेरा गावच्या चैतीची गाडी अडत असे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोर. अकरावीला विज्ञान घेतलं तर सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत आली आणि तिची बोबडी वळली. बारावी कशीबशी झाली, सीईटीत मार्क कमी पडले. वर्षभर थांबून परत परीक्षा देते म्हणाली, आणि दर रविवारी सकाळच्या जीपने बाईंकडे येऊ लागली.

एके काळी बाईंच्या ओटीवर चौदा मुलं बसत. मग मोबाइलमधले सर आले. ते विनोद करतात, मध्येच शेर म्हणतात, कंटाळा आला की त्यांना बोटाने पुढे ढकलता येतं. बाईंना पुढे ढकलायची सोय नव्हती. चौदांची सहा झाली, सहाची एक. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा ऋत्विक पुण्याला, तो फोनवर "जेवलीस का?" विचारायचा आणि उत्तर पुरं व्हायच्या आत त्याला दुसरा फोन यायचा. सोमवार ते शनिवार बाईंच्या तोंडून निघणारं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे भाजीवालीला म्हटलेलं, "मेथी जून दिसतेय गं." रविवारी मात्र बोलून बोलून घसा बसायचा. तो बसलेला घसा त्यांना सोमवार दुपारपर्यंत पुरायचा.

म्हणून दिवाळीनंतर, सगळं शिकवून फक्त दोलन उरलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आधी मागचं पक्कं करू." झोपाळ्याच्या कडीला दोरा बांधून त्यांनी एक लोखंडी नट लटकवून ठेवला होता, दोलक म्हणून. पाच रविवार तो तसाच लोंबत राहिला. चैतीने त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. बाईंना त्याचं बरंच वाटलं.

सहाव्या रविवारी चैतीबरोबर तिची आई हिरी आली. पिशवीतून रानातले करांद्याचे कंद आणले होते. खुर्ची नको म्हणाली आणि उंबऱ्यापाशी बसली.

"बाई, पोरीचा अजून किती राहेला?"

"का हो?"

"तिचा सगला झाला का आमी जगाया जानार."

जगायला जाणं म्हणजे भात-नागली झोडून झाली की दाराला कुलूप लावून भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणं. या डोंगरात सगळे तो शब्द असाच वापरतात. बाईंनी स्वतः हजेरीपटावर कितीतरी नावांपुढे लाल शाईने लिहिला होता, 'जगायला गेला'. लिहिताना त्यांचा हात कधी अडला नव्हता.

हिरी सांगू लागली. नवरा देवराम महिनाभरापूर्वीच पुढे गेला होता. वीट पाडायला जोडी लागते, नवरा-बायको. एकट्याला कुणी साच्याला बसवत नाही, नुसता कोळसा वाहायला लावतात. "येकटाच रांधतो, येकटाच खातो. फोन केला तर बोलत पन नाय. नुसता हां हां करतो."

तसं 'हां हां' बाई रोजच करत होत्या.

"चैतीला माझ्याकडे ठेवा," त्या बोलून गेल्या. "आतली खोली रिकामीच आहे. परीक्षेपर्यंत राहू दे."

हे आपण पोरीसाठी म्हणतोय की आपल्यासाठी, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. हिरीने मात्र खरोखर विचार केला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुमी देवमानूस, बाई. पन धाकला दोन वर्सांचा आहे. आमी दोघा विटांवर. त्याला कोन बघल?"

चैती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "चहा टाकते, बाई," म्हणून ती आत गेली. तिला या घरातली साखर कुठे असते ते ठाऊक होतं.

हात रिकामे राहू नयेत म्हणून बाईंनी तिची वही उचलली आणि सवयीने मागून उघडली. मागच्या पानांवर दोलनाची उदाहरणं होती. एक-दोन नव्हे, सगळी. पेन्सिलने सोडवलेली, उत्तराभोवती बाईंसारखीच चौकट काढलेली. वर तारीख होती भाऊबिजेची.

म्हणजे हिला पाचही रविवार दोलन येत होतं. आधी बाईंना वाटलं, पोर आपली कीव करत होती की काय, आणि तोंड कडू झालं. मग लक्षात आलं की यात कीव असलीच तर चिमूटभर. हिला भट्टीवर जायचंच नव्हतं. 'बाई म्हणतात अजून राहिलंय,' हे ती दर रविवारी संध्याकाळी घरी सांगत असणार. दोघी एकाच धड्याच्या आड लपून बसल्या होत्या, आणि तिकडे तो माणूस कोळसा वाहत होता. बाईंना स्वतःची शरम वाटली.

चैती चहा घेऊन आली. हिरीने बशीत ओतून एक घोट घेतला आणि परत विचारलं, "मंग किती राहेला, बाई?"

बाई तोंड उघडणार तोच चैती बोलली. "दोलन राहिलंय ना, बाई?"

आवाज अगदी साधा. बाईंनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पुढचा रविवार पदरात पडला असता, कदाचित त्याच्या पुढचाही.

"दोलन तुला येतं," बाई म्हणाल्या आणि वही तिच्यापुढे धरली. "सगळी उत्तरं बरोबर आहेत. मी आत्ता बघितली."

चैतीने वही घेतली. एकदाच वर पाहिलं. रागाने पाहिलं, आणि बाईंनी तो राग मुकाट्याने घेतला.

"म्हंजे झाला?" हिरीचा चेहरा खुलला.

"झालं."

"मंग बुधवारी निघू."

बाईंनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा चैतीच्या पिशवीत घातला. "अडलं की फोन कर. कधीही कर."

"हां," चैती म्हणाली. "हां, बाई."

फाटकापाशी हिरी थांबली. "तुमचा पोरगा पुन्याला ना?"

"हो."

"म्हंजे तो पन जगायाच गेला." तिने मान हलवली. मग वाट विचारावी तसं सहज विचारलं, "आन तुमी कदी जानार?"

हिरी उत्तराची वाट बघत होती. शेवटी चैतीनेच आईचा दंड धरला.

"बाई इथंच शिकवतात, आये. चल, जीप जाईल."

दोघी उतारावरून दिसेनाशा झाल्यावर बाई आत आल्या. करांदे धुऊन टोपलीत ठेवले. कप विसळले. मग झोपाळ्यापाशी येऊन त्यांनी नटाला हलकेच ओढून सोडलं. प्रयोगात वीस दोलनं मोजायची असतात. बाईंनी ती वर्गाला ऐकू जातील एवढ्या मोठ्याने मोजायला सुरुवात केली. वीस झाली, तरी त्या मोजतच राहिल्या.