मीराबाईची बोटं

हिंगणीत हिरालाल शेठांच्या ओसरीवर रोज तीन वाजता प्रौढ बायकांचा वर्ग भरायचा. शिकवायची शेठांची सून हर्षा. ती गावातल्या शाळेतून सुटून साडेतीनला यायची. तोवर तिच्या सासूबाई, प्रमिलाबाई, बायकांना टॅब वाटून बसवायच्या. वर्ग आपल्या दारात भरतो, याचा त्यांना भारी तोरा.

आठांपैकी सात जणी पडद्यावर बोट फिरवून अक्षरं गिरवू लागल्या होत्या. अडली ती एकटी मीराबाई. बौद्ध वस्तीतली, पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी विधवा. वर्गात ती ओसरीखालच्या पायरीवर बसायची. "तिले पायरीवरच बरं वाटते," असं प्रमिलाबाई म्हणायच्या आणि हर्षालाही ते खरं वाटायचं. मीराबाईच्या बोटाखाली अक्षर काही उमटत नव्हतं.

वर्ध्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात धनंजय सरांनी सांगितलं होतं, "मी तयार उत्तरं देणार नाही. आपल्या वर्गातला एक प्रश्न घ्या, महिनाभर त्याच्या मागे लागा आणि काय कळलं त्याचा अहवाल इथे सगळ्यांसमोर वाचा. टॅब का चालत नाही, हे माणसाला विचारा." हर्षाने वहीत लिहिलं : मीराबाईचं अक्षर का उमटत नाही? खाली आपला अंदाजही लिहून टाकला : वय झालं, कष्टाने बोटं सोललीत.

विचारायचं तेवढं राहून गेलं. महिना संपत आला तेव्हा, एका रविवारी, ती मीराबाईच्या घरी गेली. दारात मीराबाईचा दीर नत्थू उभा होता.

"आता कायले आल्या?"

"येऊ दे त्याहिले," आतून मीराबाई म्हणाली.

हर्षाने तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं गुलाबी, गुळगुळीत. एक रेघ शिल्लक नव्हती.

"कापूस वेचून असं झालं?"

"कापसानं कातडी जाड होते, म्याडम. जळत नाई."

मग तिने सांगितलं. तिच्या वाट्याला नेहमी फुटका टॅब यायचा, तोही प्लास्टिकच्या पिशवीत घालून. दिवाळीनंतर एके दिवशी तो मधेच बंद पडला, तेव्हा जवळ बसलेल्या रीताने आपला पुढे केला. मीराबाईने बोट लावलं. प्रमिलाबाईंनी संडास धुवायचं ॲसिड वाटीत ओतून समोर ठेवलं.

"म्हने, 'बुडव बोटं. शंभर मोज, शिकून राह्यली ना?' मले साठच्या पुढं येत नव्हतं. चुकलं का पुन्हा एकपासून मोजाले लावे."

"बाकीच्या बायका?"

"हासल्या. रीताताई रडली, पन उठली नाई."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कधी? माह्या हातावरचं मलम पाहून तुमीच म्हनल्या, मीराबाई, काम जरा कमी करत जा."

नत्थू म्हणाला, "रेशनचं मशीन तिचा अंगठा घेत नाई. एकटीचं कार्ड हाय, दुसऱ्याचा अंगठा चालत नाई. दोन महिने झाले, दुकानदार परत धाडून राह्यला. तक्रार केली, तं साक्ष कोन देईन? तुमी द्यान?"

हर्षा उठून थेट घरी गेली.

घरी प्रमिलाबाई मेथी निवडत होत्या. हर्षाने विचारलं, तर त्यांची मानही वर झाली नाही. "हो, बुडवाले लावली. टॅब साऱ्याइच्या हातात फिरते. त्याच हातानं बायका देवाले हात लावतेत."

"आई, तिचे हात जळले!"

"मंग? आता नाई लावत ना कोनाच्या टॅबले हात!"

नवरा भूपेंद्र तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तिचं वय झालं, असं लिही ना अहवालात. खोटं थोडीच हाय?"

हे तर तिने आधीच लिहिलं होतं, कोणी न सांगता. हर्षाला स्वतःचीच शिसारी आली.

वर्ध्याला सगळ्यांसमोर तिने मीराबाईचं बोलणं शब्दन्‌शब्द वाचलं. धनंजय सरांनी घसा खाकरला. "मॅडम, हा अहवाल वर जातो. हे जरा विषयाबाहेरचं होतंय..."

"सर, माणसाला विचारा, असं तुम्हीच म्हणालात."

ते समोरचे कागद चाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी हर्षा मीराबाईला आणि नत्थूला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. मीराबाई वाटभर फक्त नत्थूशीच बोलली. हर्षाने आपला जबाब दिला. हवालदाराने लिहिता लिहिता विचारलं, "आरोपी तुमच्या कोण?"

"सासू."

त्याने पेन थांबवलं. "घरी जाऊन विचार करा, बाई."

"केलाय. आणखी एक लिहा. ते जळलेले हात मी दोन महिने रोज पाहत होते. एकदाही विचारलं नाही."

"हे कशाला? याचं कलम नाही."

"नसू दे," हर्षा म्हणाली. "लिहा."