पुण्यखात्याचा फोटो

कंपनीत त्या विभागाला एक लांबलचक नाव होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीला पाठ होतं. बाकी सगळे त्याला पुण्यखातं म्हणत. हिशेब बघणाऱ्या एका खवचट गृहस्थाने हे बारसं केलं होतं. "पापं आम्ही करायची आणि पुण्य तुम्ही छापायचं," असं तो जेवणाच्या सुट्टीत म्हणे, आणि ज्यांनी ते दहादा ऐकलेलं असे तेही हसत.

पुण्यखात्यात माणसं तीन. एक साहेब, एक आकडे जुळवणारा आणि एक थोरली. थोरली हे तिचं घरातलं नाव. धाकटी लग्न होऊन लांब गेली तरी हिचं थोरलीपण काही सुटलं नाही. कंपनीने वर्षभरात समाजासाठी काय काय केलं, त्याचा जाडजूड, गुळगुळीत कागदाचा अहवाल लिहिणं हे तिचं काम. किती झाडं लावली, किती शाळांना बाकं दिली, किती जणांचे डोळे तपासले. त्यातली किती झाडं जगली हे कुणी विचारत नसे, आणि विचारलं नाही तर आपण कशाला सांगा?

तिथली एक रीत मात्र बाहेरच्या माणसाला चटकन कळली नसती. तिथे आधी फोटो आणि मग काम. अहवाल छापखान्यात जायची तारीख ठरलेली असायची, आणि कामाला काय, पाय थोडेच असतात वेळेवर यायला. म्हणून विहीर खणायच्या आधी कुदळ धरलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवत. "लोकांच्या हातात पडेपर्यंत होतंच की सगळं," असं साहेब म्हणत. खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा होतही असे.

थोरलीचे वडील त्याच कंपनीच्या फरशीच्या कारखान्यात होते. दगड दळून त्याची पूड करायची, त्या खात्यात उभा जन्म गेला. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत. "मी लहानपणीच म्हातारा झालोय, आता मला म्हातारपणाची भीती नाही," असं म्हणून ते लेकींना हसवायचे. त्यांची मुलगी त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत खुर्चीवर बसते, याचं त्यांना भारी कौतुक. अहवाल आला की ते तो शेजारीपाजारी नेऊन दाखवत. वाचणारा कुणी नसे, पण चित्रं सगळे बघत.

कंपनीने ठरवलं की कारखान्यातल्या जुन्या कामगारांसाठी आरोग्य केंद्र काढायचं. धुळीत आयुष्य काढलेल्यांची फुफ्फुसं तिथे फुकट तपासायची. केंद्राच्या भिंतीचा रंग ओला होता, डॉक्टर नेमायचा होता, पण अहवालाची तारीख जवळ आली. मग नळीत फुंकून श्वास मोजायचं एक यंत्र विकणाऱ्याकडून एका दिवसापुरतं मागून आणलं. आता फुंकायला एक चेहरा हवा. साहेब म्हणाले, "अगं, तुझे वडीलच आहेत की! खरा कामगार, खरा चेहरा."

वडिलांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इस्त्रीचा सदरा घालून, दाढी घोटून ते हजर झाले. फोटोवाल्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नळी तोंडाशी दिली. "फुंका काका, जोरात. गाल फुगू द्या. पुन्हा एकदा. आता हसत हसत." वडील फुंकत राहिले. थोरली समोर उभी होती. यंत्राची वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती, ती खुर्चीमागे गुंडाळून ठेवलेली तिला दिसत होती.

त्या रात्री जेवताना वडील आईला म्हणाले, "कंपनीने तपासलं बरं का आज. अगदी नीट. तीन-तीनदा फुंकून घेतलं. काही निघालं असतं तर बोलले असते ना लगेच?"

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला. "अहो बाबा, तो नुसता फोटो होता," हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण ते इतके खुशीत होते, इतक्या दिवसांनी इतकं बोलत होते. तिने मनाशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिला मजकूर तपासायचा होता, त्यानंतर छापखान्यात जायचं होतं. आणि मग ते राहून गेलं.

अहवाल आला. मुखपृष्ठावर वडील, गाल फुगवलेले, डोळ्यांत हसू. साहेब म्हणाले, असा जिवंत फोटो आजवर झाला नाही. आईने त्याची मोठी प्रत करून घेतली आणि चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावली.

वर्षभराने वडिलांचा खोकला रात्रीचा थांबेना, तेव्हा थोरली त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीची चित्रं काढली आणि ती उजेडावर धरून पाहिली. मग विचारलं, "काका, याआधी कधी तपासून घेतलं होतंत?"

"घेतलं होतं की," वडील धापा टाकत पण ऐटीत म्हणाले. "गेल्या वर्षीच, कंपनीत. ही समोरच उभी होती."

डॉक्टर थोरलीकडे वळले. "त्याचा रिपोर्ट असेल तर आणा. तेव्हा काय दिसत होतं ते कळलं तर बरं."

"शोधते," थोरली म्हणाली. खोलीबाहेर आल्यावर वडील तिला म्हणाले, "नीट शोध हं. तुझ्याच टेबलावर असेल कुठेतरी." ती मान हलवत राहिली.

शोधण्यासारखं काही नव्हतंच. पावसाळा सरायच्या आत वडील गेले.

यंदाच्या अहवालाचं काम निघालं तेव्हा साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. वडील गेले तेव्हा स्मशानात स्वतः येऊन शेवटपर्यंत उभे राहिले होते. "तुझ्या वडिलांचा तोच फोटो यंदा पहिल्या पानावर घेऊ. श्रद्धांजली म्हणून. केंद्राचा पहिला लाभार्थी, असं खाली लिहू. फक्त आईंना एकदा विचारून घे."

ती घरी आली तेव्हा आई वडिलांचे सदरे घड्या घालून एका पिशवीत भरत होती, कुणाला तरी द्यायला. थोरली शेजारी बसली.

"आई, तो फोटो कंपनीला पुन्हा हवाय."

"मग त्यात विचारायचं काय? देऊन टाक. केवढं आवडलं असतं ह्यांना."

इथेच थांबता आलं असतं. थोरलीला तसा मोह झालाही. पण पुन्हा उद्यावर टाकायची तिची हिंमत झाली नाही.

"आई, ते यंत्र चालूच नव्हतं."

"कुठलं गं?"

"फोटोतलं. एका दिवसापुरतं मागून आणलेलं. बाबांची तपासणी झालीच नव्हती. नुसता फोटो काढला."

आईचा हात सदऱ्यावर तसाच राहिला. "मग तीन-तीनदा फुंकायला कशाला लावलं?"

"फोटोवाल्याला गाल फुगलेले हवे होते."

आईने सदरा खाली ठेवला. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि ह्यांना सांगितलं नाहीस."

"खूप खूश होते गं ते."

"खूश होते," आई म्हणाली. "केंद्र उघडलं तेव्हा बोलावणं आलं होतं त्यांना. तू बाहेरगावी होतीस. म्हणाले, माझी तपासणी झालीय, थोरलीने समोर उभं राहून करून घेतलीय, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवा. मी म्हटलं, पुन्हा केली म्हणून काय बिघडतंय? तर माझ्यावरच उखडले. पोरीवर भरवसा नाही का तुझा, म्हणाले."

थोरलीला रडू आवरेना. आईने शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत मारावी, असं तिला वाटत होतं. आई उठली. भिंतीवरची चौकट तिने काढली, पदराने काच पुसली, घटकाभर हातात धरली आणि परत होती तिथेच लावली.

"हा इथे राहू दे," ती म्हणाली. "कंपनीला देऊ नकोस."

मग पुन्हा खाली बसून तिने अर्धी राहिलेली घडी हातात घेतली.

"त्या दिवशी फोटो काढून आले ना, तर जिन्यातच बसले. एवढी धाप लागली होती की बोलता येत नव्हतं. नुसते माझ्याकडे बघून हसत होते." आईने सदऱ्याची बाही सरळ केली. "मला वाटलं, आनंदाने लागली असेल."